शेवटच्या चारीवरची शिस्त

मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्यात कालव्याने येणारे पाणी फार लांबून येते. इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे, भावली, भाम आणि वाकी या धरणांत ते साठते, दारणेतून गोदावरीत उतरते, निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याशी थांबते आणि तिथून जलद कालव्याने कोपरगाव, वैजापूर करत गंगापूरच्या शिवारात शिरते. कालव्याचीच लांबी शंभर किलोमीटरहून जास्त. इकडे याला ‘एक्स्प्रेस कालवा’ म्हणतात. गंगापूर या कालव्याचे शेवटचे टोक आहे. पाटबंधारे खात्याच्या आणि शेतकऱ्यांच्या बोलीत या टोकाला ‘टेल’ म्हणतात, आणि टेलचा शेतकरी हा महाराष्ट्रातल्या सगळ्या कालव्यांवरचा सर्वांत जास्त वाट पाहणारा माणूस आहे.

शिस्त म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर त्याच्या बांधावर उभे राहून पाहावे, असे मला वाटते. आपण शिस्तीची चर्चा बहुधा पहाटे उठणाऱ्या विद्यार्थ्यापासून, कवायत करणाऱ्या जवानापासून किंवा रोज डायरी लिहिणाऱ्या थोर माणसापासून सुरू करतो. त्यातून असा समज होतो की शिस्त हा माणसाच्या आत असलेला किंवा नसलेला गुण आहे. ज्याच्यात आहे तो पुढे जातो, ज्याच्यात नाही तो मागे राहतो. मग आवर्तन, म्हणजे कालव्याचे ठरावीक पाळीचे पाणी, सुटल्यावर वरच्या भागात कोणी कालव्यात पाइप टाकला, कोणी चारीचे, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाचे, दार रात्रीतून मोडले, की एकच निदान होते: आपल्या लोकांना शिस्तच नाही. हे निदान आळशी आहे. ते माणसाकडे पाहते आणि तो ज्या व्यवस्थेत उभा आहे तिच्याकडे पाठ फिरवते.

कागदावर आपल्याकडे पाण्याची शिस्त फार चांगली आहे. तिचे नाव शेजपाळी. हंगामाआधी धरणात पाणी किती हे पाहून किती आवर्तने द्यायची ते ठरते. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरून कोणते पीक, किती क्षेत्र ते कळवतो. मंजुरी मिळालेल्यांची यादी लागते, आणि चारीवर एकाच्या शेजारी दुसरा अशा क्रमाने पाणी दिले जाते. या पद्धतीतला एक नियम मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाणी शेपटाकडून मुखाकडे द्यायचे, म्हणजे आधी शेवटच्या शेतकऱ्याचे रान भिजवायचे आणि मग एकेक करत वर यायचे. हा नियम ज्यांनी घातला त्यांना माणसाच्या स्वभावाची खरी जाण होती. वरच्याच्या दारातून पाणी रोजच जाणार असते. तो थांबला तरी त्याचे काही बुडत नाही. खालच्याचे तसे नसते. वरच्याचे आधी भिजले तर खालच्यासाठी काही उरेल याची खात्री कोण देणार?

प्रत्यक्षात मात्र हा क्रम अनेक ठिकाणी उलटा होतो, आणि तो उलटा झाला की काय घडते ते कोणताही कालवा सांगेल. टेलवरचा शेतकरी पहिल्या वर्षी अर्ज भरतो, पाणीपट्टी भरतो, रात्री बॅटरी घेऊन चारीवर जागतो. पाणी येत नाही. दुसऱ्या वर्षी तो अर्ज भरायला उशीर करतो. तिसऱ्या वर्षी भरतच नाही. तो बोअर घेतो, किंवा पीक बदलतो, किंवा पोराला वाळूजच्या कंपनीत पाठवतो. दरम्यान मधल्या भागातल्या शेतकऱ्यालाही कळते की नियमाने थांबणारा कोरडा राहतो. मग तोही दार उचलतो. या सगळ्या साखळीत स्वभावाने बेशिस्त असा एकही माणूस नाही. प्रत्येकाने आपल्या अनुभवातून अगदी बरोबर धडा घेतला आहे.

हीच गोष्ट एका वेगळ्याच जागी, लहान मुलांवरच्या प्रयोगात दिसली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने मुलांसमोर एक गोड खाऊ ठेवला आणि सांगितले, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. काही मुले थांबली, काहींनी लगेच तोंडात टाकला. पुढे अनेक वर्षांनी मिशेल आणि सहकाऱ्यांनी पाहिले तेव्हा जास्त वेळ थांबलेली मुले शिक्षणात पुढे दिसली. जगभर या प्रयोगाचा गाजावाजा झाला. संयम म्हणजेच यश असे त्यातून सांगितले गेले, आणि आपल्याकडच्या व्याख्यानांतही तो अजून सांगितला जातो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 2013 मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. खाऊ ठेवण्याआधी मुलांना चित्र काढायला दिले आणि एका मोठ्या माणसाने सांगितले, थांब, याहून चांगले रंग आणून देतो. अर्ध्या मुलांना त्याने खरेच चांगले रंग आणून दिले. उरलेल्या अर्ध्यांना तो रिकाम्या हाताने परत येऊन म्हणाला, माफ कर, नाहीत आपल्याकडे. पुढे स्टिकरच्या बाबतीतही तसेच झाले. त्यानंतर खाऊचा प्रयोग. ज्या मुलांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती सरासरी 12 मिनिटे थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला होता ती सरासरी 3 मिनिटे. मुले मोजकीच होती, 28. पण निष्कर्ष इतका ठळक होता की तो विसरता येत नाही. मुलाच्या आतली शिस्त पाऊण तासात बदलत नाही. बदलला होता तो त्याचा समोरच्यावरचा भरवसा. पुढे 2018 मध्ये सुमारे 900 मुलांच्या माहितीवरून मिशेलचा मूळ निष्कर्ष पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती, आईचे शिक्षण वगैरे हिशेबात घेतल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराचसा विरळ झाला. ज्याच्या घरात उद्याचे जेवण नक्की आहे त्याला आजचा घास लांबवणे सोपे जाते.

म्हणून मी शिस्तीची व्याख्या अशी करीन: आपली पाळी येणार हे अनुभवाने ठाऊक असलेल्या माणसाचे थांबणे. भीतीने थांबणे वेगळे. भीती पहारेकरी असेपर्यंत टिकते आणि पहारेकऱ्याला रोज जागे राहावे लागते. पाळीच्या भरवशावर थांबणारा माणूस रात्री घरी झोपू शकतो.

अशी झोप देणारी व्यवस्था महाराष्ट्रात होती, आणि ती काही कुणी विद्यापीठात शोधलेली नव्हती. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतके जुने बंधारे आहेत आणि त्यांच्याखाली फड पद्धत चालत आली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, समजा ऊस. दुसऱ्यात दुसरे. पुढच्या वर्षी फडांची अदलाबदल. गावातल्या बहुतेक कुटुंबांची थोडीथोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे, त्यामुळे कोणत्या फडाला पाणी द्यायचे आणि कोणता यंदा कोरडा ठेवायचा हा निर्णय एकाच्या फायद्याचा आणि दुसऱ्याच्या तोट्याचा ठरत नसे. पाऊस कमी झाला तर पंच बसून ठरवत की यंदा एवढेच फड भिजतील, आणि तूट सगळ्यांच्या अंगावर सारखी पडे.

फड पद्धतीचे मर्म मात्र जागल्यात आहे. शेतकऱ्याने आपल्या रानात स्वतः पाणी वळवायचे नाही, असा तिथला दंडक. पाणी देण्याचे काम पंचांनी नेमलेल्या जागल्याचे. तो कोणत्या रानाला किती वेळ पाणी द्यायचे ते पाहतो, आणि ठरल्या क्रमाने एका वाफ्यातून दुसऱ्यात नेतो. त्याचा मेहनताना सगळ्या शेतकऱ्यांकडून मिळतो, जुन्या काळी तो धान्यात मिळे. म्हणजे दार उघडण्याचा मोह ज्याला होऊ शकतो त्याच्या हातात दारच ठेवलेले नाही. आणि ज्याच्या हातात आहे त्याचे स्वतःचे रान त्या पाण्यावर अवलंबून नाही, तर त्याचे पोट सगळ्यांच्या समाधानावर अवलंबून आहे. शिवाय हंगामाआधी कालव्याचा गाळ काढायला प्रत्येक घराने माणूस द्यायचा. ज्याने आपल्या हाताने कालवा साफ केला तो त्यात दगड टाकून पाणी अडवताना एकदा विचार करतो.

या गावांतली माणसे आपल्या गावांतल्या माणसांपेक्षा अधिक संयमी होती असे कुणी म्हणणार नाही. तिथेही भाऊबंदकी होती, बांधावरची भांडणे होती. त्यांनी फक्त संयम लागेल असे प्रसंगच कमी करून ठेवले होते. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला मोठी धरणे झाली, विहिरी आणि विजेच्या मोटारी आल्या, ज्याचे त्याला आपले पाणी मिळू लागले, आणि अनेक ठिकाणी फड मोडकळीला आले. भरवसा एका सामायिक कालव्यावरून उठून प्रत्येकाच्या मोटारीवर गेला. मला ही फक्त सिंचनाची हानी वाटत नाही. एक पूर्ण पिढी सोबतीने थांबण्याची सवय विसरली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन संशोधिकेने जगभरच्या अशाच सामायिक व्यवस्थांचा अभ्यास केला: नेपाळमधले पाट, फिलिपाइन्समधल्या पाणी संस्था, स्पेनमधल्या बागायती. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी वारंवार दिसल्या. नियम तिथल्या लोकांनी स्वतः केलेले असतात. देखरेख करणारा वापर करणाऱ्यांना उत्तरदायी असतो. भांडण सोडवण्याची जागा जवळ असते आणि स्वस्त असते. आणि शिक्षा लहानापासून सुरू होते. पहिल्या चुकीला थोडासा दंड, ज्याचा उद्देश माणसाला उद्ध्वस्त करणे नसून ‘आम्ही पाहिले’ एवढे कळवणे असतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दाराशी पाण्याचे न्यायालय भरते. न्यायाधीश शेतकरीच. वकील नाही, कागदपत्रे नाहीत, तोंडी बाजू ऐकून तिथल्या तिथे निकाल. शेकडो वर्षे हे चालले आहे. आपल्याकडे चारी फोडल्याचा वाद तालुक्याच्या कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात जातो आणि तिथे तो पिकाच्या हंगामापेक्षा जास्त जगतो. इतका उशिरा मिळणारा न्याय थांबणाऱ्याला शिक्षा आणि न थांबणाऱ्याला बक्षीस देतो.

ऐकून घेण्याची जागा शिस्तीत किती महत्त्वाची असते हे पाहायला स्पेनला जायची गरज नाही. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घडी घालून दिली. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथाच्या पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेले आहे, मुक्कामाची जागा ठरलेली आहे. लाखो माणसे ज्या क्रमाने चालतात तो पाहून बाहेरचा माणूस थक्क होतो. पण खरी गोष्ट संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर, समाज आरतीच्या वेळी घडते. चोपदार दंड उंच करतो आणि टाळ-मृदंग एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार आहे ती मात्र टाळ वाजवत राहते. अशा वेळी आरती पुढे जात नाही. चोपदार त्या दिंडीकडे जातो, तक्रार ऐकतो, तिचे निवारण होते, मगच तो टाळ थांबतो. इतक्या मोठ्या सोहळ्याच्या नियमातच नियमाबाहेर आवाज काढायची सोय आहे, आणि त्या आवाजाला दडपण्याऐवजी त्याच्याकडे चालत जायचे आहे. ज्याला ऐकले जाण्याची खात्री आहे तो उरलेला वेळ शांतपणे आपल्या क्रमांकावर चालतो.

आता पहाटे उठणाऱ्या विद्यार्थ्याकडे येऊ, कारण गंगापूरसारख्या गावात शिस्त हा शब्द सर्वांत जास्त स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत ऐकू येतो. मुलांना सांगितले जाते की मन मारा, इच्छाशक्ती वाढवा, 21 दिवस करा की सवय लागते. या 21 दिवसांचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात सापडतो. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान 21 दिवस लागतात असे त्याचे निरीक्षण होते, आणि पुढे ते कुठल्याही सवयीला चिकटवले गेले. 2010 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी 96 जणांच्या साध्या सवयी पाहिल्या. जेवणासोबत फळ खाणे, चालायला जाणे अशा. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तर विशेष बिघडत नाही असेही दिसले. बाविसाव्या दिवशी आपल्यात काहीच बदल झाला नाही म्हणून स्वतःला कमकुवत ठरवणाऱ्या मुलामुलींना हे कुणीतरी सांगायला हवे.

आणखी एक निरीक्षण या मुलामुलींच्या कामाचे आहे. 2012 मध्ये जर्मनीत सुमारे 200 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून विचारले गेले, आत्ता कसला मोह होतोय का, त्याच्याशी झगडताय का? ज्यांचा आत्मसंयम उत्तम मानला जात होता ते जास्त झगडत असतील अशी अपेक्षा होती. उलट ते कमी झगडत होते. मोह जिथे समोर येतो अशा जागी ते कमी सापडत होते. अभ्यासिकेत मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवायला लावणारा नियम आणि फडावरचा जागल्या यांचे तत्त्व एकच आहे. मिशेलच्या प्रयोगातसुद्धा खाऊ झाकून ठेवला की मुले जास्त वेळ थांबत होती, हा भाग सांगताना सहसा गाळला जातो. आणि शेवटी तोच प्रश्न इथेही येतो. पेपर फुटला, भरती रखडली, निकाल न्यायालयात अडकला की अभ्यासिकेतला मुलगा टेलवरच्या शेतकऱ्यासारखाच धडा घेतो. त्याला मग शिस्तीचे व्याख्यान देणे हे अन्यायाचे आहे.

तुटलेला भरवसा पुन्हा जोडता येतो का? येतो, आणि याचे उत्तम उदाहरण टेलवरच्याच शेतकऱ्यांनी घालून दिले आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटाला ओझर. इथल्या शेतकऱ्यांना कालव्याचे पाणी क्वचितच दिसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990-91 च्या सुमारास त्यांना एकत्र केले आणि महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थांनी खात्याशी करार केला तो पाणी मोजून घेण्याचा. एकराचा आणि पिकाचा हिशेब सोडून किती घनमीटर पाणी दाराशी आले त्याचा हिशेब. एकदा पाणी मोजले जाऊ लागले की चोरी हा शब्द अंदाजाचा राहत नाही. जे आले ते सर्वांना दिसते, जे वाटले ते वहीत असते. ओझरकरांनी आणखी एक गोष्ट केली. नाल्यावरच्या बंधाऱ्यांत कालव्याचे पाणी सोडून विहिरींचे पाणी वाढवले, आणि ज्यांच्या विहिरींना त्याचा फायदा झाला त्यांच्याकडूनही पाण्याचा आकार घेतला.

तरीही त्यांची पाळी वरच्यांच्या मर्जीवरच होती. इथे ओझरकरांनी जे केले ते मला फार मोठे वाटते. वरच्यांविरुद्ध मोर्चा काढण्यापेक्षा वरच्या गावांत जाऊन तिथल्या शेतकऱ्यांच्या संस्था उभ्या करायला मदत करायची, असे त्यांनी ठरवले. वरच्याचाही हक्क मोजून बांधला गेला, त्याचेही पाणी नक्की झाले, तर त्याला ओरबाडायची गरज उरणार नाही, हा त्यामागचा विचार. हळूहळू संपूर्ण वाघाड प्रकल्पावर 24 संस्था झाल्या, त्यांचा एक संघ झाला, आणि धरणाच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. 2005 मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला. त्यानुसार संस्थेच्या संचालक मंडळात मुखाकडचे, मधले आणि टेलचे असे तिन्ही भागांचे प्रतिनिधी लागतात. कायद्याने ठिकठिकाणी संस्था झाल्या. त्यातल्या कितीतरी केवळ कागदावर राहिल्या, कारण तिथे मोजणी झाली नाही. मोजणी नसलेली संस्था म्हणजे नाव बदललेली जुनीच ओढाताण.

गंगापूरच्या माणसाला हे सगळे दुसऱ्यांकडून मागणे सोपे आहे. पण आपल्या तालुक्याची जागा विलक्षण आहे. एक्स्प्रेस कालव्यावर गंगापूर टेलला आहे, आणि त्याच तालुक्याच्या दक्षिण सीमेवर नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, फुगवटा पसरला आहे. तिथे गंगापूर मुखाशी आहे. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी प्रकल्पाचे उद्घाटन केले, आणि गोदाकाठच्या अनेक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्यांत गंगापूर तालुक्यातलीही गावे होती. धरणाचा जिवंत साठा सुमारे 76 टीएमसी. पैठणहून निघणारा डावा कालवा 208 किलोमीटर धावत जालना आणि परभणी जिल्ह्यांत जातो, उजवा 132 किलोमीटर जाऊन माजलगावकडे पोहोचतो. फुगवट्याच्या काठावरच्या शेतकऱ्याला ना चारी लागते, ना पाटकरी. त्याची मोटार थेट जलाशयात असते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचा त्या पाण्यावर नैतिक अधिकार आहे, हे मी मनापासून मानतो. पण परवान्यापलीकडे उपसलेला प्रत्येक थेंब परभणीच्या टेलवरून कमी होतो, हेही तितकेच खरे आहे. टंचाईच्या वर्षांत फुगवट्यावरच्या शेतीपंपांची वीज तोडण्याचे आदेश निघाले तेव्हा काठावर जो संताप झाला, तोच संताप नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ येते तेव्हा वरच्या भागात होतो.

आणि ती वेळ कशी ठरवायची याचा नियमही आपल्याकडे आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात म्हटले आहे की तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सर्व धरणांची तूट सारखी असावी. मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये त्याचे तपशील बसवले, आणि 15 ऑक्टोबरचा साठा पाहून वरून किती पाणी सोडायचे ते ठरू लागले. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये समन्यायी वाटपाची ही बाजू उचलून धरली. 2015, 2018, 2023 या वर्षांत पाणी सोडले गेले, दर वेळी आंदोलने आणि याचिका झाल्या, तरी सोडले गेले. फडावरचा ‘तूट सर्वांवर सारखी’ हाच दंडक इथे एका अख्ख्या खोऱ्याला लावलेला आहे. मराठवाड्याने त्यासाठी दीर्घकाळ लढा दिला आणि तो योग्यच होता.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हाच हिशेब गावाच्या वेशीच्या आत आणला. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आली, सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आली, ऊस आणि केळीसारख्या पिकांना मनाई झाली. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कमी पावसाच्या वर्षी कोणते पीक घ्यायचे नाही ते सर्वांसमोर ठरते. आपल्या मालकीच्या विहिरीतले पाणीसुद्धा गावाच्या हिशेबात धरायचे, ही मोठी गोष्ट आहे. पण बंद्या वाचून हिवरे बाजारची नक्कल करणाऱ्या गावांना यश येत नाही. ताळेबंद सर्वांसमोर मांडला जातो आणि सरपंचाच्या विहिरीलाही तो लागू असतो, हा भाग आधी यावा लागतो.

गंगापूरमध्ये हे करून पाहण्याजोगे आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एक्स्प्रेस कालव्याच्या प्रत्येक चारीच्या तोंडाशी पाणी मोजायचे साधन बसावे, आणि आवर्तनात रोज किती पाणी आले तो आकडा गावाच्या पारावरच्या फळ्यावर लिहिला जावा. फुगवट्याच्या काठच्या गावांनीही आपल्या उपशाचा आकडा तसाच फळ्यावर लिहावा. टेलच्या गावातल्या फळ्यावरचा आकडा घेऊन वैजापूरच्या शेतकऱ्याशी बोलता येईल, आणि काठच्या गावातल्या फळ्यावरचा आकडा परभणीचा शेतकरी येऊन वाचू शकेल. पुढच्या 15 ऑक्टोबरला वरच्या धरणांचे आकडे मागताना आपल्या हातात हे दोन्ही फळे असले पाहिजेत.